अकरावी रिंग

आठ मिमीचा गज बारा मीटर लांब येतो. २३० बाय ३८० मिमीच्या बीमसाठी त्यातून रिंगा, म्हणजे बीमच्या लांब गजांना बांधून ठेवणारे चौकोनी वेढे, किती निघतात? बांधकामातल्या डिजिटल तंत्राबद्दल मला जे म्हणायचं आहे, त्यातलं बरंचसं या एका प्रश्नात येतं. म्हणून आधी हिशेब.

सगळीकडून २५ मिमी कव्हर, म्हणजे रिंगेबाहेरचं काँक्रीट, सोडलं की रिंग बाहेरून १८० बाय ३३० ची होते. घेर १०२०. त्यात रिंगेच्या टोकांचे आत वळवलेले दोन हूक मिळवायचे, प्रत्येकी गजाच्या जाडीच्या दहापट, म्हणजे ८० आणि ८०. वाकवताना गज ताणला जातो, म्हणून तीन काटकोनांचे प्रत्येकी १६ आणि हूकच्या दोन वाकांचे प्रत्येकी २४, असे ९६ वजा. उरले १०८४ मिमी. अकरा रिंगांना ११,९२४ मिमी लागतात. बारा मीटरमधून बरोबर अकरा रिंगा निघतात आणि मागे चार बोटांचा तुकडा राहतो.

आता हाच आकडा साइटवर नेऊ. लोखंड कापून वाकवणाऱ्या फिटरच्या हातातला टेप इंचाचा आहे. त्याच्या तोंडी आठ मिमीचा गज अडीच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असतो, बारा मिमीचा चार सूत आणि सोळाचा पाच सूत. १०८४ मिमी म्हणजे बेचाळीस इंच साडेपाच सूत. असं माप लक्षात ठेवून दिवसभरात दोनशे तुकडे कोणी कापत नाही. तो सरळ त्रेचाळीस इंच धरतो. अकरा त्रेचाळीस म्हणजे ४७३ इंच, म्हणजे १२,०१४ मिमी. गज चौदा मिमीने कमी पडला आणि अकरावी रिंग गेली. आता एका गजातून दहाच रिंगा निघतात आणि मीटरभर तुकडा बाजूला पडतो. दुमजली घराला समजा ९०० रिंगा लागल्या, तर ८२ गजांच्या जागी ९० गज लागतील. आठ गज जास्तीचे. आठ मिमीचा गज मीटरला ३९५ ग्रॅम भरतो, म्हणजे सुमारे ३८ किलो लोखंड. त्या तुकड्यांतून स्लॅबच्या जाळीखालच्या काही खुर्च्या, म्हणजे गज उचलून धरणारे आधार, होतात, बाकीचं भंगारात जातं.

यात संगणकाची काहीच चूक नाही. एक्सेलच्या तक्त्यात १०८४ अचूक आलेलं असतं. चूक आहे तक्ता आणि फिटरचा गज वाकवायचा पाट यांच्यामधल्या अंतरात. तक्ता छापताना त्याच ओळीत जाड अक्षरात ‘पावणेत्रेचाळीस इंच’ एवढं लिहिलं असतं, तरी काम भागलं असतं. पावणेत्रेचाळीसच्या अकरा रिंगा ११,९४४ मिमीत बसतात. डिस्कच्या मशीनने कापलं आणि दर कापाला तीन मिमी गेले तरीही बसतात. गाडी उतरली की आधी चार-पाच गज टेपने मोजून घ्यायचे, कारण लांबी थोडी मागेपुढे असते. शिवाय आपल्याकडे गज बऱ्याचदा मधून दुमडून येतात. ती वाकडी जागा सरळ न करता कापली, तर तिथली रिंग चौकोनात बसत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचं बहुतेक घरबांधणीचं काम मालक स्वतः उभं करतो. इंजिनिअर आठवड्यातून एक-दोनदा येतो. पाचोऱ्याचं किंवा शहाद्याचं काम असेल तर त्याहूनही कमी. मधले सगळे दिवस काम मिस्तरीच्या हाती असतं. त्यामुळे आपल्याकडे डिजिटल तंत्राचा खरा उपयोग एकच आहे. इंजिनिअर हजर नसलेल्या दिवसांत त्याने ठरवलेलं माप न बदलता हातापर्यंत पोचलं पाहिजे, आणि तिथे झालेलं काम झाकलं जाण्याआधी त्याला दिसलं पाहिजे. त्याच्या ऑफिसात किती महागडं सॉफ्टवेअर आहे, याचा यात फारसा संबंध येत नाही.

पोचण्याचं साधन आता सगळ्यांच्या खिशात आहे. नकाशे व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरतात, आणि सगळ्यात जास्त घोटाळाही तिथेच होतो. नकाशा तीनदा बदलतो, तिन्ही फाइलींच्या नावात ‘फायनल’ असतं, आणि सेंटरिंगवाल्याने, म्हणजे काँक्रीटचा साचा उभारणाऱ्याने, पहिलीच उघडून ठेवलेली असते. कोणीतरी कागदी नकाशाचा फोटो काढून पुढे पाठवतो. त्यात कडेची टीप कापली जाते, आणि कॉलमच्या रिंगा टोकांना १०० वर व मध्ये १५० वर बांधायच्या, हे नेमकं त्या टीपेतच लिहिलेलं असतं. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि ३ चा ८ दिसू लागतो.

यावर उपाय साधे आहेत, पण ते कडकपणे पाळावे लागतात. फाइलीच्या नावात सुरुवातीलाच तारीख घालायची: वर्ष, महिना, दिवस. म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. नकाशा पीडीएफ करून ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवायचा. नकाशाच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा दोन इंच उंच छापायचा. साइटवर एकच प्रत भिंतीला लावायची, तीही प्लॅस्टिकमध्ये. नवी आली की जुनी तिथेच फाडायची आणि फाडलेल्या प्रतीचा फोटो ग्रुपवर टाकायचा. प्रतीवर क्यूआर कोड छापला आणि तो ड्राइव्हमधल्या एका ठरलेल्या फोल्डरकडे नेला, तर शंका आली की मिस्तरी स्वतः बघू शकतो. मात्र त्या फोल्डरात फक्त चालू आवृत्ती ठेवायची. जुन्या फाइली दुसरीकडे हलवल्या नाहीत, तर क्यूआर कोड नवा घोटाळा उभा करतो.

भाषेचंही तसंच आहे. साइटवर अहिराणी चालते, सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली माणसं पावरी आणि भिली बोलतात, आणि बाजारातली बहुतेक अ‍ॅप इंग्रजीत असतात. अर्ज भरल्यासारखे रकाने भरायला लावणारं अ‍ॅप आठवड्याभरात बंद पडतं. आवाजाचा निरोप मात्र सगळे पाठवतात. ‘आठनी का दहानी?’ एवढं विचारलं आणि सोबत रिंगेवर टेप धरलेला फोटो आला, तर इंजिनिअरला जळगावात बसून उत्तर देता येतं. ते उत्तर आवाजात द्यायचं आणि खाली आकडा टाइपही करायचा. आवाज ऐकला जातो, पण महिन्याभराने शोधायचा झाला तर सापडत नाही. टाइप केलेला आकडा सापडतो.

लाइनआउटबद्दल, म्हणजे जमिनीवरच्या घराच्या आखणीबद्दल, सविस्तर लिहायला हवं, कारण यंत्राचा फायदा तिथे सगळ्यात मोठा आहे आणि धोकाही. गुण्या, दोरी आणि ३-४-५ चा त्रिकोण यांवर पिढ्यान्‌पिढ्या घरं उभी राहिली. बारा बाय नऊ मीटरच्या घराचा कर्ण बरोबर पंधरा मीटर येतो. दोन्ही कर्ण जुळले की काटकोन बरोबर. टोटल स्टेशन हे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र हेच काम कॉलमच्या मध्यबिंदूंचे निर्देशांक घेऊन करतं. वेडावाकडा प्लॉट असेल, किंवा मध्ये जुनी भिंत, झाड, विहीर असेल, तर दोरीने अर्धा दिवस जातो आणि यंत्राने तासाभरात खुंट्या लागतात.

चुका होतात त्या बहुतेक यंत्र चालू करण्याआधीच. नकाशा मिमीत आणि यंत्र मीटरमध्ये असेल, तर ते लगेच कळतं, कारण बिंदू गावाबाहेर जातो. यंत्राचा किरण परत पाठवणाऱ्या प्रिझमचा स्थिरांक (अंतरात धरायची दुरुस्ती) चुकला तर मात्र कळत नाही. बाजारात शून्य आणि उणे तीस मिमी असे दोन्ही प्रकारचे प्रिझम आहेत. भाड्याच्या यंत्रासोबत दुसऱ्याच संचातला प्रिझम आला तर प्रत्येक अंतर तीस मिमीने चुकतं. त्यासाठी सुरुवातीला टेपने मोजलेल्या वीस मीटरवर एकदा यंत्र लावून पाहायचं. दोन मिनिटांचं काम आहे. प्रिझमच्या काठीचा बुडबुडाही अधूनमधून तपासायचा. काठी दीड मीटरवर अर्धा अंश कलली, तरी खालचा बिंदू तेरा मिमी सरकतो.

सगळ्यात फसवी चूक असते ती उत्तर आणि पूर्व या रकान्यांची अदलाबदल. कॅडमध्ये आधी एक्स, मग वाय. यंत्रात बऱ्याचदा आधी उत्तर, मग पूर्व. यादी तशीच चढवली तर घर आरशातल्यासारखं उलटं पडतं. सगळी अंतरं बरोबर येतात, दोन्ही कर्ण जुळतात, आणि जिना पश्चिमेऐवजी दक्षिणेला जातो. कर्ण तपासून ही चूक कधीच सापडत नाही. ती सापडते रस्त्याच्या कडेपासून जिन्याच्या कॉलमपर्यंत साधा टेप लावल्यावर. म्हणून माझं मत असं आहे की लाइनआउट कितीही भारी यंत्राने केलं, तरी शेवटची दोन मापं शेजारच्या भिंतीपासून आणि रस्त्यापासून मिस्तरीने स्वतः घ्यावीत.

लेव्हलच्या कामात खान्देशचं ऊन आडवं येतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर जातो, दुपारी जमिनीवरून हवा लहरते आणि दुर्बिणीतून दिसणारी मोजपट्टी नाचायला लागते. लेव्हल सकाळी दहाच्या आत उरकायची, नजर जमिनीपासून अर्धा मीटर तरी वर ठेवायची, आणि लांब पल्ल्याऐवजी छोटे पल्ले घ्यायचे. ऑटो लेव्हल (लेव्हल घ्यायची दुर्बीण) भाड्याने आणली तर आधी दोन खुंट्यांची चाचणी: पन्नास मीटरवर दोन खुंट्या, यंत्र मधोमध ठेवून त्यांच्या उंचीतला फरक घ्यायचा, मग एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा. दोन्ही फरक जुळले नाहीत तर यंत्र परत. हिरव्या रेषेचा लेझर घरात टाइल्स आणि प्लास्टरला उत्तम, पण भर उन्हात ती रेषा दिसतच नाही, तिथे रिसीव्हर लागतो. आणि पाण्याची नळी अजूनही जोत्याच्या लेव्हलला कमी नाही. फक्त एक काळजी घ्यायची. तिचं एक टोक तापल्या भिंतीला आणि दुसरं सावलीत ठेवू नये. गरम पाणी हलकं होतं. मीटरभर उंचीच्या पाण्यात वीस-बावीस अंशांचा फरक पडला, तर सहा-सात मिमीची चूक नळीतच तयार होते.

इथे जमिनीचा विषय निघतोच. तापी-गिरणेच्या काठची काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. स्टॅड किंवा ईटॅब्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला ही जमीन दिसत नाही. त्याला दिसतो फक्त आपण टाकलेला आकडा. मागच्या कामाची फाइल उघडून नाव बदललं, तर जमिनीची धारणक्षमताही मागच्याच गावची राहते. मग फुटिंगचा, म्हणजे पायाचा, सुंदर रंगीत अहवाल छापला जातो आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात जोत्याच्या वर भिंत तिरकी तडकते. त्याआधी खड्डा घ्यावा. पक्का मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहावं, खड्ड्यात टेप सोडून फोटो काढावा आणि तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये टाकावा. फुगवट्याची चाचणी तर अगदी घरगुती आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन एक भाग पाण्यात आणि एक रॉकेलमध्ये, शंभर मिलिलिटरच्या नळकांड्यांत चोवीस तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दुप्पट जागा व्यापू लागली, तर फुगवटा शंभर टक्के. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या चाळिसाव्या भागात ही पद्धत दिली आहे. लाखाच्या सॉफ्टवेअरला खरी माहिती या दोन नळकांड्यांतून मिळते.

बीआयएमबद्दल, म्हणजे इमारतीच्या संगणकावरच्या त्रिमितीय मॉडेलबद्दल, थोडक्यात. दवाखाना, मॉल, कारखाना असेल, एसीच्या डक्ट आणि आगीच्या पाइपांची गर्दी असेल, तर त्रिमितीय मॉडेल आपला खर्च भरून काढतं. हजार चौरस फुटांच्या घराला पूर्ण मॉडेल लागत नाही. तिथे बीमचा नकाशा आणि प्लंबिंगचा नकाशा एकावर एक ठेवून पाहिले तरी पुरे. सगळ्यात जास्त टक्कर होते ती संडास-बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये. ११० मिमीचा पाइप चाळीसास एक उताराने तीन मीटर गेला, तर ७५ मिमी खाली उतरतो आणि नेमका बाहेरच्या बीमच्या पोटात येतो. स्लीव्ह, म्हणजे पाइप जाण्यासाठीची नळी, आधी ठेवलेली नसली की प्लंबर छिन्नी लावतो, आणि छिन्नीखाली पहिली तुटते ती रिंग. तीच, जिच्या चौदा मिमीचा हिशेब आपण वर केला.

स्लॅबच्या आदल्या दिवशीचे फोटो ही मला सगळ्यात मोलाची डिजिटल सवय वाटते. एकदा काँक्रीट पडलं की आतलं लोखंड पुन्हा दिसत नाही. कव्हर ब्लॉक, खालची जाळी, आधारावरचे जादा गज आणि त्यांच्या खुर्च्या, विजेचे पाइप व डबे, आणि टेकूंचे पाय, एवढ्यांचे फोटो हवेत. प्रत्येक फोटोत टेप दिसला पाहिजे आणि खडूने खोलीचं नाव लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर सगळ्या जाळ्या सारख्याच दिसतात. दुपारी पत्र्याच्या सेंटरिंगवर डोळे दिपतात, फोटो पांढरे येतात. सकाळी आठच्या आत, तिरके काढावेत. शेवटी जिन्यापासून सुरुवात करून दोन मिनिटांचा सलग व्हिडिओ. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या फोटोतून जागेची आणि वेळेची मूळ नोंद निघून जाते, म्हणून तारीख आणि ठिकाण फोटोवरच छापणारा कॅमेरा वापरावा आणि मूळ फोटो फोल्डरात ठेवावेत.

स्लॅबच्या दिवशी उन्हाळ्यात तापमान मोजायलाच हवं. काँक्रीट टाकताना चाळीस अंशांच्या वर नसावं, असं आयएस ७८६१ सांगतं. बंदुकीसारखा लेझर थर्मामीटर फक्त वरचा थर मोजतो. घमेल्यात खुपसायचा काडीचा थर्मामीटर खरा आकडा देतो. आकडा वर जाऊ लागला की मिक्सरवाला पाणी वाढवतो, कारण काँक्रीट हाताला लवकर घट्ट लागतं. पन्नास किलोच्या गोणीला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी ठरलेलं असताना ते पस्तीसवर गेलं, तर ती ताकद कोणतंच अ‍ॅप परत आणून देत नाही. पहाटे पाचला सुरुवात करावी, खडीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारावं, वाळू सावलीत ठेवावी. पाच इंची हजार फूट स्लॅबला एम-२० प्रतीचं साडेअकरा घनमीटरच्या जवळपास काँक्रीट लागतं, म्हणजे नव्वद ते पंचाण्णव गोण्या. संध्याकाळी रिकाम्या गोण्या दहा-दहाच्या चळतीत लावून एक फोटो काढला की सिमेंटचा हिशेब त्यातच होतो.

मग क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं. कोरड्या, गरम हवेत आयएस ४५६ किमान दहा दिवस सांगतं, आणि पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर चौदा दिवस ठेवणं चांगलं. आपल्याकडे अडचण पाण्याची. नळ कितीतरी दिवसांआड येतो. म्हणून स्लॅबची तारीख ठरवताना फोनच्या कॅलेंडरमध्ये आधी पाण्याचे दिवस लिहावेत आणि नळ येऊन टाकी भरली की दुसऱ्या दिवशी स्लॅब धरावा. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवता येतं, कॉलमवर मात्र ते टिकत नाही. गोणपाट गुंडाळतात आणि ते तासाभरात वाळतं. केळीच्या बागेतली जुनी सोळा मिमीची ठिबकची नळी कॉलमच्या डोक्यावर गोणपाटाखाली एक फेरा देऊन बांधली, वर ड्रम ठेवला आणि बागेतलाच टायमरचा व्हॉल्व्ह लावला, तर थेंब थेंब पाणी दिवसभर उतरत राहतं. हा टायमर कमी दाबावर चालणारा हवा. काही व्हॉल्व्ह ड्रमच्या दाबावर उघडतच नाहीत, एवढं आधी पाहावं. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे तंत्र कोणी शिकवायची गरज नाही, ते त्याच्या बांधावर केव्हाचं आहे.

परवानगीचं काम आता ऑनलाइन झालं आहे. २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीनंतर नकाशे ठरलेल्या लेयरमध्ये काढावे लागतात आणि एखादी रेषा बंद झाली नसेल तर खोलीचं क्षेत्रफळच मोजलं जात नाही. गावठाणात २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होते. ड्रोनला वरून छपराची वळचण दिसते, खालची भिंत दिसत नाही. म्हणून उड्डाणाआधी मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखतात. त्या दिवशी घरचं कोणीतरी हजर राहून चुन्याची रेषा आपल्या भिंतीच्या बाहेरून गेली की आतून, हे बघणं फार महत्त्वाचं आहे. धाब्याच्या जुन्या घरांत भिंत दोन घरांची मिळून असते, तिथे तर जास्तच.

आणि हजेरी. अंगठ्याचं किंवा चेहऱ्याचं यंत्र लावलं की मालकाला उशिरा आलेले दिसतात, एवढ्यासाठीच बरेच जण ते घेतात. सिमेंटने आणि चुन्याने झिजलेली बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. मग बिगारी उन्हात उभा राहून पुन्हा पुन्हा अंगठा दाबत राहतो आणि त्याचा खाडा लागतो. हे मला अन्यायाचं वाटतं. चेहऱ्याचं यंत्र असेल तर ते सावलीत लावावं, आणि यंत्र चुकलं तर मुकादमाची हाताची नोंद ग्राह्य धरावी. पण या नोंदीचा एक उपयोग असा आहे की तेवढ्यासाठी तरी प्रत्येक साइटवर ती ठेवली जावी. इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी १८ ते ६० वयाच्या कामगाराला मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला द्यावा लागतो. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेला मजूर वर्षात चार ठेकेदारांकडे काम करतो: कुठे वीस दिवस, कुठे पस्तीस. एकाकडेही नव्वद भरत नाहीत आणि आधीच्या तिघांच्या वह्या कुठे आहेत ते कोणाला माहीत नसतं. म्हणून दर बाजाराच्या दिवशी खर्ची देताना, त्या आठवड्याची हजेरी आणि दिलेली रक्कम त्याच्या स्वतःच्या फोनवर पाठवावी: साइटचं गाव, तारखा, दिवस, ठेकेदाराचं नाव. त्याच्याकडे साधा फोन असेल तर एसएमएस, फोनच नसेल तर छापील चिठ्ठी, ठेकेदाराच्या सहीची.